साहेबांनी टाकलेली खिचडी

रामटेके साहेबांनी ताट खाली ठेवलं, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, "छान होती खिचडी."

ताटात निम्मी तशीच होती.

कोसमटोल्याच्या शाळेच्या पडवीत ओळीने जेवायला बसलेल्या एकतीस पोरांचे हात तोंडाशी थांबले. एकतीस नजरा आधी साहेबांच्या ताटावर गेल्या, तिथून साहेबांच्या डोक्यावरच्या भिंतीवर चढल्या आणि शेवटी श्रीहरी मोहुर्ले गुरुजींवर येऊन थांबल्या. साहेबांना मात्र कशाचा पत्ता नव्हता. पाठ भिंतीकडे करून बसल्यावर भिंतीवर काय लिहिलंय ते दिसणार तरी कसं? तिथे निळ्या ऑइलपेंटने, वीतभर अक्षरांत लिहिलं होतं: 'जो कोणी ताटात अन्न टाकेल, तो त्या दिवशी सगळ्यांची ताटं घासेल. बालसभा, सर्वानुमते.'

हा नियम का झाला, तेही सांगायला हवं. वर्षभरापूर्वी या शाळेच्या मागचे कावळे पोरांच्या उष्ट्यावर एवढे मातले होते, की उडायचं सोडून चालत यायचे. त्यांतला एक म्हातारा कावळा तर जेवणाची घंटा उशिरा झाली, की वर्गाच्या दारात येऊन गुरुजींकडे रोखून बघायचा. शेवटी पोरांनी बालसभा भरवली. तीन शनिवार चर्चा झाली.

तीन शनिवार लागले, कारण कोसमटोल्यात हात मोजून बहुमताने ठरवत नाहीत. गावच्या ग्रामसभेची जुनी रीत आहे. बांबू कधी तोडायचा, मासोळीसाठी तळं कधी धरायचं, सगळं सर्वांच्या संमतीने. एकाचं जरी 'नाही' आलं तरी निर्णय थांबतो आणि त्या एकाला बाकीचे विचारत बसतात, 'काऊन नाई, ते सांग.' एका उन्हाळ्यात सोमारी नावाच्या म्हातारीने तळं धरायला नाही म्हटलं, ती दोन महिने राजी होईना. मासोळ्यांच्या पोटात अंडी आहेत, एवढंच तिचं म्हणणं. पुढे तळं धरलं, तेव्हा मासे इतके मोठे निघाले, की जाळं टाकणाऱ्या दोघांना त्यांनी तळ्याभोवती दोन चकरा मारून आणलं. तेव्हापासून गावात एकट्याच्या 'नाही'ला फार मान. पोरांनी ती रीत जशीच्या तशी शाळेत आणली.

गुरुजींनी नियमाचा मसुदा लिहिला होता, 'जो विद्यार्थी ताटात अन्न टाकेल.' बालसभेची अध्यक्ष खुशबू, तेव्हा तिसरीत, आता चौथीत. तिने कागद वाचला आणि विचारलं, "अन् मोठ्या माणसानं टाकलं तं?"

गुरुजी इतके खूश झाले, की त्यांनी 'विद्यार्थी' खोडून तिथल्या तिथे 'कोणी' लिहिलं. वर सही केली. सावली गावी साळ्याच्या लग्नात त्यांनी ही गोष्ट नवरदेवाच्या घोड्याला सोडून सगळ्यांना सांगितली होती.

तोच 'कोणी' आज बरोबर त्या शब्दाखाली बसून रुमालाने ओठ टिपत होता. आणि तो साधासुधा कोणी नव्हता, गटशिक्षणाधिकारी होता.

दुसरा कुठला दिवस असता तर गुरुजी एवढे घाबरले नसते. पण साहेब आले होते ते दुसऱ्या शिक्षकाचं ठरवायला. शाळेत वर्ग चार, खोल्या दोन आणि गुरुजी एक. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी आणि मधल्या दारात गुरुजी. दोन वर्षं त्या दारात उभं राहून त्यांचा उजवा डोळा भागाकाराकडे आणि डावा बाराखडीकडे असा काही लागला होता, की चंद्रपूरच्या चष्मेवाल्याने त्यांना पाहून विचारलं, "दोघं जन संगंच आले काय जी?" तालुक्याला एकच जागा भरायची परवानगी आली होती आणि मागणाऱ्या शाळा होत्या तीन. साहेब तिन्ही शाळा एकाच दिवसात पाहून, जिथे गरज दिसेल तिथल्या शेरेबुकात लिहून जाणार होते. ही तिसरी शाळा. प्रत्येक शाळेत पोरांच्या जेवणाची चव बघायचा साहेबांना हुकूम असतो, त्यामुळे ही साहेबांची तिसरी खिचडी होती.

"साहेब," गुरुजी घाईघाईने उठले, "आमची परसबाग पाहून घ्या ना. आशाबाई दाखवतील."

स्वयंपाकीण आशाबाई हात पुसत पुढे आल्या. गुरुजी त्यांच्या कानाशी लागले, "भल्ला वेळ लावजा बाई. एकेक झाड दाखवजा."

"पंधराच तं झाडं हायेत, गुरुजी."

"मंग एकेक पान दाखवा!"

साहेब बागेकडे वळले तसे गुरुजींनी त्यांचं ताट उचललं आणि शाळेमागे बोअरिंगपाशी उभ्या असलेल्या जीपकडे धावले. जीपचा ड्रायव्हर बापूजी पुढच्या सीटवर पट्टा सैल करून पडला होता.

"बापूजीभाऊ, एवढी खिचडी खाऊन घ्या ना."

बापूजीने एक डोळा उघडला. "गुरुजी, सकाळपासून तीन शाळा झाल्या. साहेब चव पाह्यते, मले तं पोटभर वाढते. आता मी श्वास बी मोजून घेऊन राह्यलो."

मग गुरुजींनी आजूबाजूला पाहिलं. कावळे तर वर्षभरापूर्वीच रागावून दुसऱ्या गावी गेले होते. गुरुजी बोअरिंगच्या आडोशाला उकिडवे बसले, डोळे मिटले आणि साहेबांच्या ताटातला पहिला घास तोंडात घातला. ते स्वतः पोटभर जेवले होते. आशाबाईची खिचडी अशी, की पळी तिच्यात उभी केली तर संध्याकाळपर्यंत उभीच राहते. चौथ्या घासाला गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गुरुजी, तुमी साहेबाचं उष्टं काऊन खाऊन राह्यले?"

समोर श्रावण उभा होता. तिसरीतला, बालसभेचा स्वच्छतामंत्री. त्याच्यामागे आणखी सातआठ डोकी.

"उष्टं नाई रे बाबू. म्हणजे... चव पाहून राह्यलो."

"चव तं जेवाच्या आंधी पाह्यते ना जी. तुमीच शिकवलं, एकमेकाच्या ताटात खाल्लं तं रोग होते."

"अरे हळू बोल! साहेब ऐकतील."

"ऐकले तं काय होते?" श्रावणला खरंच कळलं नाही. गुरुजींनी आजवर त्याला 'हळू बोल' असं कधी सांगितलं नव्हतं. या शाळेत उलट सांगायचे, मोठ्याने बोल.

तोपर्यंत खुशबूने घंटा दिली होती. तक्रार आली, की त्याच दिवशी सभा, असा त्यांचा शिरस्ता. पोरं वर्गात गोल करून बसली. गुरुजी ताट पाठीमागे धरून आत आले आणि दार लोटून घेतलं.

"पाहा बाप्पा," ते गयावया करत म्हणाले, "नियम बरोबर हाये. मीच सही केलो. पण आज साहेब पाहुणे हायेत. त्यायले ताटं घासाले लावली, अन् ते नाराज झाले, तं दुसरा मास्तर गेला दुसऱ्या गावाले. तुमाले दुसरा मास्तर पाह्यजे का नाई?"

"पाह्यजे!" सगळी पोरं ओरडली.

"मंग एका दिवसासाठी माफी देऊ. ज्याले पटलं त्यानं हात वर करा."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. श्रावणने नाक खाजवलं. मग खुशबूचा हात हळूच वर गेला, मग दुसरा, मग पाचदहा. काही हात कोपरापर्यंतच गेले, पण गेले. गुरुजींनी उजव्या डोळ्याने अर्धे मोजले, डाव्याने अर्धे. बेरीज तीस.

कोपऱ्यात दुसरीतली मंगली दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"मंगली बाई," गुरुजी तिच्यासमोर उकिडवे बसले, "तुले नाई पटत?"

"नाई."

"साहेब मोठे हायेत ना वो."

"नाई."

"त्यायची कंबर दुखत असन."

"चांगले चालून राह्यले."

बाहेर साहेबांचा आवाज आला, "मोहुर्ले सर, आत काय चाललंय?"

"पाढे, साहेब! पाढे म्हणून राह्यले पोरं!" गुरुजी दारातून ओरडले आणि पोरांकडे वळून कुजबुजले, "म्हणा ना रे. बेचा म्हणा."

एकही पोर बोललं नाही. त्या दिवसाआधी गुरुजी त्यांच्यासमोर कधी खोटं बोलले नव्हते. या कामाची सवय नसल्यामुळे गुरुजींचे कान लाल झाले होते.

बाहेर आशाबाई किल्ला लढवत होत्या. "हे पाहा साहेब, हे वांगं. अन् हे बी वांगंच. पण ह्याचा सभाव येगळा हाये."

गुरुजी परत मंगलीकडे आले. मग मात्र त्यांनी, सगळ्यांत आधी जे विचारायला हवं होतं, ते विचारलं. "काऊन नाई, ते तं सांग."

मंगलीने मांडीखालून एक हात काढला आणि त्याने फ्रॉकची कड चुरगाळत ती म्हणाली, "पालकसभेच्या दिवशी माह्या आज्यानं भात टाकला होता."

सगळ्यांना आठवलं. मंगलीचा आजा म्हणजे इतवारी, गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस. तोंडात दात चार, आणि तेही एकमेकांसमोर नसलेले. पालकसभेच्या जेवणात त्याला भातातले बरबटीचे, म्हणजे चवळीचे, दाणे चावले नाहीत, ते ताटात राहिले.

"पोरायनं त्याले म्हणलं, आजा, राहू द्या. तं आजा म्हणे, नियम सगळ्याचा हाये ना, मंग मी सगळ्यात नाई काय? त्यानं राखुंडीनं सगळे ताटं घासले. घरी येऊन माह्या आजीले सांगे, शाळेत माह्यावर बी नियम चालते." मंगलीने नाक ओढलं. "आता साहेबाले माफी देलं, तं आज्याले काय सांगू? तुले घासाले लावलं कारन तू साहेब नोहोस म्हनून?"

खुशबूने वर केलेला हात खाली घेतला. मग दुसरा खाली आला, मग पाचदहा, मग सगळेच. ते वर जाताना जेवढे अडखळले होते, तेवढे खाली येताना अडखळले नाहीत. गुरुजी तसेच उकिडवे बसून होते. दोन वर्षं त्यांनी या पोरांना जे शिकवलं होतं, ते एवढं पक्कं झालं असेल याचा त्यांना अंदाज नव्हता, आणि ते आजच कळावं याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

"अन् साहेबाले कोणी इचारलं काय?" मंगली पुढे म्हणाली. ती एकदा सुरू झाली, की आज्यावर जायची. "ज्याच्याबद्दल ठरवाचं, त्याले बाहेर वांगे दाखवून राह्यले."

"तेच म्हणतो मी," मागून आवाज आला.

दारात रामटेके साहेब उभे होते. त्यांच्यामागे आशाबाई, हात जोडून. "गुरुजी, झाडं सरले हो. तुळस बी दाखवली."

गुरुजींनी उठून ताट पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला, पण मागे भिंत होती आणि ताट तिच्यावर असं काही आपटलं, की बोअरिंगपाशी झोपलेला बापूजी जीप सुरू करून बसला.

"साहेब, आत या," खुशबू उठून म्हणाली. "सभा चालू हाये. तुमाले बसा लागन."

बापूजी खुर्ची घेऊन धावत आला. श्रावणने त्याला दारातच अडवलं. "सभेत खुर्ची नाई चालत, भाऊ."

साहेबांनी एकदा खुर्चीकडे, एकदा आपल्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं आणि गोलात, मंगलीच्या शेजारी, मांडी घालून बसले. मग खुशबूने त्यांना काय झालं ते सगळं सांगितलं. भिंतीवरचा नियम, निम्मी खिचडी, बोअरिंगमागचा प्रकार, माफीची गोष्ट. तिने काही गाळलं नाही. गुरुजींनी छताकडे बघत पाली मोजल्या.

साहेबांनी विचारलं, "मला बोलता येईल?"

"तुमचीच तं पाळी हाये," खुशबू म्हणाली.

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. तालुक्याच्या सभेत तासभर भाषण ठोकणारे ते, पण आता शब्द जुळवायला वेळ लागला. "मी... मी पुरे म्हणालो होतो. तीनदा."

"कोणाले म्हणले?"

"बाईंना."

"खरं हाये जी," आशाबाई दारातून म्हणाल्या. "मी पळी मागं घेतलीच होती. गुरुजी म्हणे, वाढा वाढा, साहेब लाजून राह्यले."

"गुरुजी, तुमी असे म्हणले?"

"म्हणलो," गुरुजी पालीकडे बघतच म्हणाले. "पण पाहुण्याले तसं म्हणाच लागते ना बाई. न म्हणलं तं लोकं काय म्हणतील?"

"तीनदा म्हणले," श्रावण म्हणाला. "मी मोजलो. तिसऱ्या टायमाले तं पळी बी यायनंच धरली होती."

साहेबांना आता धीर आला. ते पुढे सरकले. "बाळांनो, हे फक्त इथलं नाही. सकाळच्या दोन शाळांतही हेच. मी पुरे म्हणतो, ते वाढतात. वीस वर्षं झाली. माझ्या घरीही तसंच आहे. मला दोडका आवडत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

"काऊन नाई सांगितलं?" मंगलीने विचारलं.

"कुणी विचारलं नाही."

मंगलीने सहानुभूतीने त्यांच्याकडे पाहिलं आणि थोडी सरकून त्यांना चटईवर जागा करून दिली.

श्रावणने मुद्दा मांडला. ज्याचं पोट भरलं आणि जो तोंडाने पुरे म्हणतो, त्याला जबरदस्तीने वाढलं तर उरणारच. तेव्हा ताटं गुरुजींनी घासावी. पटलं त्यांनी हात वर करा. या वेळी हात असे वर गेले, की वारा सुटला. मंगलीचाही गेला. आशाबाईंचाही गेला, त्या सभेत नसताना. गुरुजींनीही मान खाली घालून हात वर केला. त्यांना तर साहेब वाचले याचाच आनंद झाला होता.

एकच हात खाली होता. साहेबांचा.

"साहेब, तुमाले नाई पटत?"

"नाही," साहेब म्हणाले. आणि तो शब्द त्यांना इतका चवदार लागला, की त्यांनी तो पुन्हा उच्चारला. "नाही! वर्षानुवर्षं वरच्या साहेबांसमोर 'हो सर' म्हणत आलो. आज इथे नाही म्हणतो. मला ताटावर हात आडवा धरता आला असता. मी धरला नाही. लाजलो. निम्मी ताटं माझी."

यावर कुणाची हरकत निघाली नाही.

पस्तीस ताटं होती. बोअरिंगपाशी एका दगडावर गुरुजी, दुसऱ्यावर बाह्या दुमडून साहेब, मध्ये राखुंडीचं घमेलं. साहेबांच्या हातून पहिलं ताट निसटलं आणि गडगडत जीपखाली गेलं. दुसऱ्याला त्यांनी आतून घासलं, बाहेरून विसरले. मंगली विसळलेली ताटं उन्हात पालथी घालत होती. तिने त्यांतली दोन परत आणून साहेबांसमोर ठेवली. "हे पिवळं दिसून राह्यलं. परत घासा." साहेबांनी परत घासली. बापूजीने मोबाइलवर फोटो काढला. नोकरीत त्याने साहेबांना काम करताना पहिल्यांदाच पाहिलं होतं.

शेवटी साहेबांनी ओल्या हातांनी शेरेबुक मागितलं आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं. खुशबूने सगळ्यांना वाचून दाखवलं, 'मी या शाळेत दोन तास होतो. तेवढ्या वेळात मुख्याध्यापक सोडल्यास मला कुणीही खोटं सांगितलं नाही. येथे दुसरा शिक्षक तातडीने द्यावा.'

पोरांनी असा ओरडा केला, की पलीकडच्या गावात लोकांना वाटलं वाघ निघाला, आणि त्यांनी ढोरं गोठ्यात बांधली.

पण गोष्ट इथेच थांबली असती तर ती कोसमटोल्याची कसली? बापूजीचा फोटो जीपच्या आधी तालुक्याला पोचला. चामोर्शीच्या बाजारात पस्तीस ताटांची तीनशे झाली. पुढच्या आठवड्यात गोष्टीतल्या साहेबांनी ताटांसोबत शाळा झाडली, सारवली आणि म्हशी धुतल्या. तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडे गोष्ट गेली तेव्हा ती तेलुगूत झाली होती आणि तिच्यात एक हत्ती आला होता.

परिणाम असा झाला, की जागा मंजूर होऊनही माणूस मिळेना. शाळा निवडायच्या वेळी शिक्षक यादीवर बोट ठेवायचे, कोसमटोला दिसला की बोट भाजल्यासारखं उचलायचे. "तिथी? तिथी तं पोट्टे मास्तरले भांडे घासाले लावते म्हणे!" कुणी लांबची शाळा घेतली, कुणी नदीपलीकडची घेतली. धान कापून झालं, संक्रांत आली, तरी गुरुजी मधल्या दारातच उभे.

एका शनिवारी खुशबूने सभेत स्वतःच विषय काढला. "आपून भिंतीवरचा नियम पुसून टाकू. मास्तर आला, की मंग पुन्हा लिहू. गुरुजीच्या डोळ्याले लय तरास होऊन राह्यला." एकेक हात वर गेला. मंगलीने बराच वेळ गुरुजींच्या चष्म्याकडे पाहिलं आणि डोळे पुसत तिनेही हात वर केला.

एकच हात खाली राहिला. तो गुरुजींचा होता.

"काऊन नाई, ते सांगा," मंगली म्हणाली.

"मले मधल्या दारात उभं राह्याची सवय झाली," गुरुजी म्हणाले, "पण ते भिंत कोरी पाह्याची नाई होनार."

नियम राहिला. शिक्षक नाहीच.

आणि एका सोमवारी सकाळी एसटीतून एक बाई उतरल्या. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, हातात आदेशाचा कागद. करिष्मा खोब्रागडे मॅडम. गुरुजींना आनंदाने काही सुचेना. त्यांनी कपाटातला एकुलता एक कप काढला, आशाबाईंकडून चहा आणवला.

"अर्धाच द्या, सर," मॅडम म्हणाल्या.

"घ्या हो, घ्या! लाजता काय!" गुरुजींनी कप काठोकाठ भरला, बशीतही ओतला. मग न राहवून विचारलं, "मॅडम, रागावू नका. गोष्ट तुमाले बी मालूम असनच. तरी इकडे कशा आल्या?"

मॅडमनी दोन घोट घेतले. "सर, सतरा वर्षं नोकरी झाली. चार शाळा पाहिल्या. चारी शाळांत चहाचे कप मीच धुतले. बाकी सगळे सर लोक. मी पाणी आणायचं, मी कप धुवायचे, मला कधी कुणी विचारलं नाही. मग तो फोटो पाहिला. म्हटलं, भांडी घासणारा हेडमास्तर अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे. तिथेच जाऊ." असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला.

कपात निम्मा चहा तसाच होता.

खिडकीच्या गजांमध्ये एकतीस तोंडं होती. त्यांतून श्रावणचा आवाज आला, "दूध हाये, साखर हाये. म्हणजे अन्नच झालं ना जी?"

मॅडम गोंधळून भिंतीकडे बघू लागल्या आणि नियम वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरू लागला. त्या घाईघाईने कप उचलणार, तेवढ्यात खुशबू आत आली. "थांबा बाई. तुमी आंधी सांगा, काय झालं ते."

"मी... मी तर अर्धाच म्हणाले होते," मॅडम म्हणाल्या.

सभा तिथल्या तिथे, उभ्याने झाली. सर्वांचे हात वर होते. सगळ्यांत आधी श्रीहरी गुरुजींचा गेला होता आणि त्याची बाही आधीच दुमडलेली होती.